पायाच्या अंगठ्याचं नख

आमच्या आत्यांचा श्वास कमी पडायला लागलाय, हे घरात सगळ्यांत आधी मामांच्या लक्षात आलं. कारण त्यांना बोलणी अर्धीच बसायला लागली.

आत्या म्हणजे माझी सासू, शालन सरगर. मामा म्हणजे सासरे, मायाप्पा सरगर. आमच्या सांगलीकडं सासू-सासऱ्यांना असंच म्हणतात. मला या घरात नांदायला येऊन सोळा वर्षं झाली, त्यामुळं दोघांचं रोजचं भांडण मला तोंडपाठ आहे. मामा सकाळी न्हाणीतून ओल्या पायांनी थेट स्वयंपाकघरात यायचे आणि आत्या सुरू व्हायच्या. ओल्या पायांवरून गाडी निघायची ती जुन्या महापुरात मामांनी शिलाई मशीन सोडून कोंबड्या कशा वाचवल्या तिथं पोचायची, आणि तिथून थेट मामांच्या बहिणीच्या लग्नात आत्यांच्या माहेरच्यांना पंगतीत शेवटी कसं बसवलं तिथवर. हे सगळं एका दमात. मामा समोर बसून भाकरी खात ऐकायचे. लोकांना जेवताना रेडिओ लागतो, मामांना हे लागायचं.

मागल्या मार्गशीर्षातली गोष्ट. ओले पाय झाले, महापूर आला, आणि कोंबड्यांपाशी आत्या थांबल्या. छातीवर हात ठेवून कट्ट्याला टेकल्या. मामा हातात घास धरून थांबले.

"पुढं?" मामा म्हणाले.

"उद्या सांगते," आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामा न्हाणीतून आले ते दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसून. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आत्यांना दम लागेल असं बोलायला निमित्तच नको म्हणून. मला त्या दिवशी खरी भीती वाटली.

मी सिव्हिल हॉस्पिटलात विमा योजनेच्या खिडकीवर बसते, म्हणून आत्यांना छातीच्या डॉक्टरांकडं न्यायला मला वेळ लागला नाही. डॉक्टर शबनम मुल्ला बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आत्यांना एका श्वासात आकडे म्हणायला सांगितले. आत्या नऊवर थांबल्या.

"शालनताई, तुमच्या फुप्फुसात धूळ बसलीये," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षानुवर्षांची. कधी गिरणीत, खाणीत, हळदीच्या कामाला होतात का?"

"मी? छे. मी घरातनं बाहेर पडत न्हाई. दुपारी भजनाला जाते तेवढंच."

"नीट आठवून सांगा. यावर आता औषध आहे. वाफारा असतो, आठवड्यातून दोनदा, तीन महिने. त्यातले कण धुळीला चिकटतात आणि खोकल्यावाटे तिला बाहेर काढतात. फुप्फुस नवं होत नाही, पण मोकळं होतं. आणि उशीर केला तर तेही होणार नाही. फार तर हा पावसाळा हातात आहे."

"मग द्या की," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "प्रणाली, तू खिडकीवर बसतेस. तुला मी काय सांगू?"

मला खरंच सांगायची गरज नव्हती. आपल्याकडं २०३६ पासून प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा आहे. पायाभूत विमा सगळ्यांना सारखा: ताप, अपघात, बाळंतपण. त्यावर माणसाच्या कामाप्रमाणे गट आहेत. विणकर गट, वीट गट, मासेमार गट, ऊसतोड गट, घरकाम गट, असे अकरा. ज्याचं जसं काम तसा त्याचा आजार, आणि जसा आजार तसा विमा, असं ते सूत्र. विणकराला कान आणि डोळे मिळतात, ऊसतोडवाल्याला कंबर मिळते. धूळ गटाला फुप्फुसं मिळतात, आणि हा महागडा वाफारा फक्त त्याच गटात बसतो. आत्यांचं कार्ड गृहिणी गटाचं. त्यात रक्तदाब आहे, हाडं आहेत, गर्भाशय आहे. फुप्फुसं नाहीत. सरकारच्या कागदावर गृहिणीला फुप्फुसं नसतातच.

"आणि मामांचं कार्ड?" मी विचारलं. मामा हळदीच्या बाजारातले हमाल, म्हणजे पक्के धूळ गटातले.

"गट ज्याचा त्याचा असतो गं. नवऱ्याच्या कार्डावर बायकोला पायाभूतच विमा." डॉक्टरांनी आत्यांच्या हातावर हात ठेवला. "म्हणून विचारते, आठवा."

"न्हाई म्हटलं ना," आत्या म्हणाल्या, आणि पदर खोचून उठल्या. दारापर्यंत जाताना दोनदा थांबल्या.

याच दिवसांत आमच्या खिडकीवर नखवाचक आला. शिलाई मशीनच्या डब्याएवढं पांढरं यंत्र, वर पडदा, खाली बोट ठेवायला खोबण.

त्याचं शास्त्र साधं आहे, मला तरी दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कळलं. नख मुळाशी तयार होतं आणि पुढं सरकत राहतं, महिन्याला तीन-एक मिलिमीटर. तयार होताना त्या वेळी रक्तात जे काही फिरत असेल त्याचा अंश त्यात अडकून बसतो. म्हणजे नखाचं टोक काही महिन्यांपूर्वीचं आणि मूळ आजचं. यंत्र प्रकाशाच्या किरणानं नखावरून केसाहूनही पातळ खरवड घेतं आणि टोकापासून मुळापर्यंत आठवड्या-आठवड्याची नोंद वाचतं. दुखत नाही, फक्त यंत्राला धरायला नखाचं टोक मांसापुढं थोडं आलेलं लागतं. कापसाची धूळ, सिमेंट, विटभट्टीचा धूर, प्रत्येकाची खूण वेगळी.

सरकारनं हे आणलं ते खोटी कार्डं पकडायला. कुणी बंगल्यात राहून वीट गटाचं कार्ड वापरतो, कुणाचा मासेमार पुतण्या बँकेत असतो. यंत्र खोटं बोलत नाही, असं प्रशिक्षणात तीन वेळा सांगितलं.

सांगलीत ते पहिल्याच दिवशी खोटं बोललं. आलेला प्रत्येक माणूस त्यानं हळदीचा कामगार ठरवला. मला, शिपायाला, तपासणीला आलेल्या साहेबांना. आता आपल्याकडं आमटीला हळद, भाजीला हळद, खोकला झाला की दुधात हळद, ते बिचारं तरी काय करणार. आदल्या आठवड्यात लग्न झालेला एक नवरामुलगा आला होता, त्याला तर त्यानं वीस वर्षांचा अनुभवी हमाल करून टाकलं. पोरगा कॉम्प्युटरवर बसणारा, उचलायची सवय फक्त मोबाइलची. त्याची बायको हसून हसून भिंतीला टेकली.

मग यंत्राला नवीन धडे दिले गेले. खाल्लेली हळद पोटातून, यकृतातून जाते, तिथं तिचे तुकडे होतात. श्वासातून गेलेली हळद थेट फुप्फुसातून रक्तात उतरते, अखंड, आणि एकटी येत नाही. तिच्याबरोबर शेताची माती येते, हळकुंडं घासून पॉलिश करायच्या ड्रमचं लोखंड येतं. लग्नातली हळद म्हणजे नखावर एकच बारीक रेघ, कामाची हळद म्हणजे रेघांचा थरच. एवढं शिकल्यावर ते शहाण्यासारखं वागायला लागलं.

शुक्रवारी जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं. सोमवारपासून प्रत्येक कार्डाचं नूतनीकरण नखावरून, पहिल्या फेरीत दंड नाही. नवरा, महेश, विट्याच्या डेपोत बसगाड्यांच्या बॅटऱ्या बघतो. तो तेवढ्यापुरतं "भारी आहे" म्हणाला आणि दुसरी भाकरी मागितली. पण मामांचा हात ताटातच राहिला.

"नखात कळतंय सगळं?" मामांनी विचारलं.

"सगळं."

"किती मागचं?"

"पाच-सहा महिन्यांचं तरी."

मामांनी आपल्या अंगठ्याच्या नखाकडं पाहिलं. आत्यांनी हात पदराखाली घेतले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना नवं यंत्र म्हटलं की दडपण येतं. सांगायचं तर, शहाणी म्हणून गावभर मिरवणारी मी, त्या ताटांवरून काय चाललंय ते मला ओ की ठो कळलं नाही.

शनिवारी मी कामावरून आले तेव्हा दिवेलागण होत होती. मागच्या पायरीवर आत्या पाठमोऱ्या बसलेल्या. कट् कट् आवाज येत होता. जवळ जाऊन बघते तर आत्या नखं कापत होत्या.

हे तुम्हाला साधं वाटेल. पण लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिन्हीसांजेला नखं कापली म्हणून या बाईनं मला रडवलं होतं. शनिवारी कापायची नाहीत, मंगळवारी कापायची नाहीत, दिवे लागताना तर नावच नको, घरातली लक्ष्मी निघून जाते. आणि आज शनिवार आणि तिन्हीसांज दोन्ही जुळून आलेलं असताना स्वतः आत्या दहाही बोटांची नखं मांसापर्यंत कापत बसल्या होत्या. करंगळीला तर रक्त आलं होतं.

"आत्या, अवो आज शनिवार."

"मग? सरकारी कामाला जायचं तर हात स्वच्छ नकोत?" एवढं बोलून त्यांना धाप लागली, आणि मी त्यांना पाणी आणून दिलं.

सोमवारी सकाळी खिडकी उघडली. समोर रांगेत पहिल्या अकरा बायका आमच्या आत्यांच्या भजनी मंडळाच्या. सगळ्या गृहिणी गटातल्या, ठेवणीतली लुगडी-साड्या नेसलेल्या. पहिली इंदू मगदूम, आत्यांची जिवलग मैत्रीण. तिनं खोबणीत बोट ठेवलं. यंत्र म्हणालं, नमुना अपुरा. मी तिचा हात उलटा करून पाहिला. नख मांसापर्यंत कापलेलं. दुसरी आली, तेच. तिसरी, तेच. चौथी तर घाईत कापताना लागलं म्हणून बोटाला पट्टी बांधून आली होती.

"काय गं बायांनो, मंडळात काय नखं कापायचा कार्यक्रम होता?" मी म्हणाले.

"स्वच्छता," इंदू मावशी म्हणाल्या. बाकीच्या दहाजणींनी माना हलवल्या.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला, पण अर्धवट. कारण तेवढ्यात रांगेत मामा आले. हमालाचा टॉवेल खांद्यावर, पोत्यात अडकवायचा लोखंडी आकडा त्यावर, रोज सकाळी बाजाराला निघतात तसेच. मागं आत्या. माझ्याच घरची माणसं म्हणून नियमाप्रमाणे मी शेजारच्या खिडकीवरच्या संतोषला बोलावलं आणि बटणं त्याला दाबायला लावली.

मामांनी अंगठा ठेवला. त्यांनी नखं कापली नव्हती. यंत्र घुमलं, आणि पडद्यावर ओळ आली. संतोष मोठ्यानं वाचतो, त्याला सवयच आहे.

"हळद, फक्त खाल्लेली. श्वासातली हळद नाही. धूळ नाही. धूळ गट रद्द."

"असं कसं?" मी म्हणाले. "मामा रोज बाजारात जातात. पुन्हा घे."

"नको घेऊ," मामा म्हणाले. अंगठा काढून घेतला आणि टॉवेलानं पुसला, जणू त्यावर काही लागलं होतं. "बाजारात पट्टे आलेत आठ वर्षं झाली. पोती आपली आपण चालतात. हमाल लागत न्हाईत. पयल्या फेरीत दंड न्हाई म्हणालीस न्हवं?"

"दंड नाही. पण मामा, मग तुम्ही रोज जाता कुठं?"

मामा भिंतीशी जाऊन उभे राहिले. अकरा बायका खाली बघायला लागल्या. मला त्या क्षणी मामांबद्दल इतकं वाईट वाटलं की यंत्र उचलून बाहेर फेकावंसं वाटलं. चाळीस वर्षं ज्यानं पाठीवर पोती वाहिली त्या माणसाची इज्जत एका डब्यानं सगळ्या रांगेसमोर काढली होती.

"पुढचे," संतोष म्हणाला. "शालन सरगर."

आत्यांनी बोट ठेवलं. नमुना अपुरा. संतोषनं प्रशिक्षणाचं पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं, "हाताचं नख नसल्यास पायाच्या अंगठ्याचं घ्यावं. पायाचं नख निम्म्या वेगानं वाढतं, त्यामुळं नोंद जास्त जुनी, वर्षा-दीड वर्षाची मिळते."

रांगेतल्या बाराही बायकांनी एकाच वेळी आपापल्या पायांकडं पाहिलं. हातांची आठवण ठेवून सगळ्यांनी नखं कापली होती. पायांचा विचार एकीलाही सुचला नव्हता. पायाचे अंगठे चपलांतून ऐसपैस बाहेर आलेले, एकीचं तर आळत्यानं रंगवलेलं.

"मला न्हाई द्यायचा पाय," आत्या म्हणाल्या. "मशीन माझं न्हाई, पाय माझा हाय."

हे खरं होतं. मालकाची संमती असल्याशिवाय यंत्र नख वाचत नाही, आणि आत्या नाही म्हणाल्या की विषय संपतो. संपला असता तर आत्यांचं कार्ड गृहिणी गटात राहिलं असतं, वाफारा मिळाला नसता, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या तसा हा पावसाळा हातातून गेला असता. मला सगळं कळलं होतं आता. भजन कुठं होतं ते कळलं होतं. पण सून म्हणून सासूचा पाय धरून यंत्रात कोंबता येत नाही.

"आत्या, पाया पडते तुमच्या. औषधाचा प्रश्न आहे."

"काय निघायचंय गं त्यातनं? घरात बसलेल्या बाईच्या नखात काय असतंय?"

"हळद असती," मामा म्हणाले.

ते भिंतीशी उभे होते. आकडा खांद्यावरून काढून हातात घेतला होता.

"चाळीस वर्षं मी हळदीत काढली शालन. घाम पुसला की टॉवेल पिवळा व्हायचा. खाल्लेल्या हळदीचा वास निराळा आणि ड्रममधनं निघालेल्या हळदीचा निराळा, हे ह्या डब्याला आत्ता शिकवलंय. मला पयल्या दिवशी कळालं. तू भजनाहून आलीस, पदर झटकलास, मला कळालं."

आत्या खिडकीच्या कठड्याला टेकल्या. मी त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"मग बोलला न्हाईत ते?"

"काय बोलू? लग्नात भर मांडवात मीच म्हणालो, माझी आई हळद निवडता निवडता खोकून गेली, माझ्या घरातली बाई हळदीला जाणार न्हाई. मला तुला थांबवायला पायजे होतं. पण माझं काम गेलं त्याच महिन्यात तू जायला लागलीस आणि तू हसत यायला लागलीस. तीस वर्षं मी घरी यायचो तेव्हा तू एकटी दारात बसलेली असायचीस. आता तू बोळाच्या तोंडापासनं गाणं म्हणत येतीस. म्हटलं, विचारलं तर एक तर तू खोटं बोलशील, न्हाईतर जायचं सोडशील. मला दोन्ही नको वाटलं. म्हणून गप बसलो. आणि माझ्या गप बसण्यानं तुझा दम गेला."

मामांचा आवाज शेवटी फाटला. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही बघितलं नाही, कारण माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आणि तुम्ही कुठं जाता ते मला ठावं न्हाई व्हय?" आत्या म्हणाल्या. दोन वाक्यांत एकदा श्वास घेत, पण म्हणाल्या. "कृष्णेच्या घाटावर. भडंग खात. इंदूच्या मालकांनी पयल्याच आठवड्यात बघितलं. म्हटलं, ह्यांना वाटतंय मला कळू ने, तर न कळू दे. तो आकडा बघा. आठ वर्षं पोत्याला लागला न्हाई तो. गंजला न्हाई कसा?"

मामांनी आकडा फिरवून बघितला. लखलखीत होता.

"मी रोज रात्री तेल लावते त्याला. गंजला असता तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय."

"मला वाटायचं, लोखंड चांगलं हाय," मामा म्हणाले.

आधी इंदू मावशी हसल्या. मग रांगच्या रांग हसली, आणि आत्या हसता हसता खोकल्या, आणि खोकता खोकता खुर्चीत बसल्या, आणि उजवा पाय चपलेतून काढून माझ्यापुढं धरला. जोडव्याच्या शेजारचा अंगठा. मी तो ओल्या कापसानं पुसून खोबणीत ठेवला. सोळा वर्षांत त्यांच्या पायांना नमस्कारापुरताच हात लागला होता माझा.

संतोषनं वाचलं, "सोळा महिने. श्वासातली हळद, आठवड्याचे सहा दिवस, रविवारी सुट्टी. माती आहे. लोखंड आहे. धूळ गट."

"एकादशीला पण जात न्हाई आम्ही," इंदू मावशींनी दुरुस्ती केली, आणि चप्पल काढून पुढं आल्या.

दुपारपर्यंत सगळी हकीकत बाहेर पडली. एकीचं उघडं पडलं तर आत्यांचंही पडेल, म्हणून बाकीच्या अकराजणींनी नखं कापली होती. हरिपूर रस्त्यावरच्या एका गोडाऊनात या बारा बायका आठ वर्षं हळद निवडत होत्या. हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे, तुकडे वेगळे. निवडताना भजनं म्हणायच्या. म्हणजे भजनाला जाते हे खोटं नव्हतंच मुळी. कार्तिकी एकादशीला देवळातल्या भजन स्पर्धेत पहिला नंबर यांनीच काढला होता, आणि परीक्षकांनी तालाचं कौतुक केलं होतं. सूप घोळवताना धरलेला ताल, चुकणार कसा.

आता नवीन कार्ड छापायचं होतं. संतोषनं माहिती भरली आणि यंत्रानं नेहमीप्रमाणे विचारलं: गटप्रमुखावर अवलंबून कोण? कारण मामांचा गट रद्द झाला होता, आणि नवरा-बायकोत ज्याच्याकडं कामाचा गट असेल तो प्रमुख आणि जोडीदार त्याच्या कार्डावर, असा नियम. आजवर आमच्या खिडकीवर त्या रकान्यात पत्नी हाच शब्द पडलेला मी बघितला होता. संतोष थबकला. मीही थबकले. मामांना आज अजून किती सोसावं लागणार, असं मला झालं.

मामा पडद्यावर वाकले. अक्षर लावून वाचलं.

"प्रमुख, शालन मायाप्पा सरगर. अवलंबून," ते थांबले. "पती."

संतोषनं बटणावरचं बोट उचललं.

"घाल की," मामा म्हणाले. "लग्न झाल्यापासनं अवलंबूनच हाय. सरकारला आत्ता कळालं."

त्या महिन्यात आमच्या जिल्ह्यात धूळ गट दुप्पट झाला. हळदीच्या बायका निघाल्या, बेदाणा निवडणाऱ्या निघाल्या, मिरचीची देठं खुडणाऱ्या निघाल्या. खोटी कार्डं सापडली तीही थोडीफार. वरच्या ऑफिसातून फोन आला, तुमच्याकडचं यंत्र बिघडलंय का, तुमच्या जिल्ह्यातल्या गृहिणी गेल्या कुठं? मी म्हणाले, "साहेब, त्या जिथं होत्या तिथंच आहेत. तुम्ही आत्ता बघताय." फोन ठेवल्यावर मागवलेला चहा फार गोड लागला. धूळ गटातल्या कामगाराच्या जागी हवा ओढणारा पंखा लावावा लागतो, तो त्या गोडाऊनात लागला. बायका म्हणतात, पंख्याचा सूर बरा आहे, पेटीची गरज नाही.

आत्यांचा वाफारा पावसाळ्याआधी सुरू झाला. मंगळवार आणि शुक्रवार. मामा सोबत जायचे, आकडा घरी ठेवून. पहिले तीन आठवडे आत्यांना इतका खोकला यायचा की शेजारी विचारायला यायचे. मामा रात्र रात्र पाठ चोळत बसायचे आणि सकाळी न चुकता पाय पुसून स्वयंपाकघरात यायचे. पाचव्या आठवड्यापासून खोकला उतरला. आत्या जिना एकदाच थांबून चढायला लागल्या, मग न थांबता. तीन महिन्यांनी डॉक्टर मुल्लांनी पुन्हा एका श्वासात आकडे म्हणायला लावले. आत्या चौतीसपर्यंत गेल्या आणि तिथंही थांबल्या त्या, "बास का अजून?" असं विचारायला.

"बास," डॉक्टर म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघून चष्मा पुसायला लागल्या.

घरी येताना मामा चार पावलं मागं राहून चालत होते. मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. आत्या कट्ट्याशी चहा गाळत होत्या. न्हाणीचं दार वाजलं. मामा बाहेर आले, पंचा गुंडाळलेला, अंगावरून पाणी निथळतंय. दारात पायपुसणं होतं, मी कालच धुऊन घातलेलं. मामा त्यापाशी थांबले. त्याच्याकडं पाहिलं. मग पंचा जरा वर धरला, लांब ढांग टाकून पायपुसणं ओलांडलं, आणि ओल्या पायांनी स्वयंपाकघराच्या मध्यभागी येऊन उभे राहिले.

आत्यांनी फरशीवरचे ते पाय बघितले. गाळणी खाली ठेवली. छाती भरून श्वास घेतला, आणि सुरुवात केली.

ओले पाय झाले, महापूर झाला, कोंबड्या झाल्या. मामांनी पाट ओढला आणि बसले. कोंबड्यांपाशी आत्या थांबल्या नाहीत. पंगत आली, माहेरची माणसं आली, आणि तिथून पुढं यावेळी घाट आला, भडंग आलं, आठ वर्षं रोज रात्री लावलेलं तेल आलं. मी मामांच्या ताटात भाकरी वाढली. तिला हात न लावता मामा वर मान करून ऐकत होते.